सेन्सर साफ करायचं किट: स्वॅब कामाचे, बाकी भरताड

कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) साफ करायचं किट म्हणून जो डबा विकला जातो त्यात ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), पाकीटबंद स्वॅब (टोकाला कापड लावलेली चपटी दांडी), द्रवाची बाटली, ब्रश, लेन्सपेन (काच पुसायचं पेन) आणि मायक्रोफायबरचं फडकं असा सगळा सरंजाम असतो. सेन्सरला लावण्यासारखं त्यात फार थोडं आहे. फडकं आणि लेन्सपेन लेन्सच्या पुढच्या काचेसाठी ठेवा. ब्रश तर काढूच नका: शटरच्या आसपास वंगण असतं, ब्रशचे केस तिथे एकदा लागले की पुढच्या फटकाऱ्यात तेच वंगण सेन्सरभर पसरतं.

ब्लोअर ही खरी गरजेची वस्तू, आणि किटमध्ये नेमका तोच सगळ्यात रडका असतो. दाबला तर नुसता उसासा टाकतो. जाड रबराचा, मुठीत जेमतेम मावेल असा मोठा ब्लोअर वेगळा घ्या. बुडाशी व्हॉल्व्ह हवा. नसेल तर हवा नळीच्या तोंडातूनच आत ओढली जाते आणि कॅमेऱ्यातलीच धूळ पुढच्या दाबाला परत सेन्सरवर येते. आधी बाहेर चार-पाच वेळा दाबून आतली भुकटी उडवा. मग कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, नळी माउंटच्या (लेन्स बसवायच्या तोंडाच्या) आत फार न खुपसता आठ-दहा वेळा जोरात दाबा. कोरडी धूळ बहुतेक वेळा एवढ्यानेच जाते. दाबलेल्या वायूचे डबे वापरू नका, त्यातला द्रव काचेवर उडून डाग पडतो. तोंडाने फुंकर मारणं म्हणजे थुंकीचा शिडकावा.

ब्लोअरनंतर डाग उरलाय का, हे फोटो काढूनच कळतं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२२ म्हणजे अगदी बारीक, फोकस हाताने अनंतावर. पांढऱ्या कागदाच्या अगदी जवळून फोटो घ्या. शटर सेकंदभर उघडं राहिलं आणि हात हलला तरी बिघडत नाही, धूळ सेन्सरबरोबरच हलते. एफ/२.८ ला, म्हणजे छिद्र मोठं उघडल्यावर, तोच डाग दिसणार नाही, कारण धूळ प्रत्यक्ष पिक्सेलवर नसून त्यांच्यापुढच्या फिल्टरच्या काचेवर असते आणि उघड्या अॅपर्चरला तिची सावली विरून जाते. फोटोत वर-डावीकडे डाग असेल, तर समोरून सेन्सरकडे बघताना तो खाली-डावीकडे सापडेल. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तेच राहतं.

आता स्वॅब. किटचे पैसे वसूल होतात ते इथे, पण रुंदी जुळली तरच. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, त्याला २४ मिमीचा स्वॅब. एपीएस-सीला, म्हणजे त्याहून लहान सेन्सरला, १६ मिमीचा. एका फटकाऱ्यात पूर्ण उंची पुसली गेली पाहिजे. फुल फ्रेमवर १६ चा चालवला तर मधोमध रेघ राहते, आणि २४ चा एपीएस-सीत घातला तर कडा आतल्या भिंतींना घासतात.

बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. मेनूतल्या सेन्सर-क्लीनिंगनेच डीएसएलआरचा (सेन्सरपुढे आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) आरसा वर करा. बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) नको: बोट सुटलं की शटर स्वॅबवरच मिटतं, आणि शटरची पाती फार नाजूक. बंद केल्यावर शटर मिटणाऱ्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यातही हाच मेनू लागतो. सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवणाऱ्या बॉडीत सेन्सर हाताखाली डुलतो, तिथे जोर आणखी कमी.

द्रव स्वॅबच्या कडेवर टाकायचा, सेन्सरवर कधीच नाही. २४ मिमीला दोन, फार तर तीन थेंब. १६ ला एक किंवा दोन. पाच-दहा सेकंद थांबून थेंब कापडात जिरू द्या. मग एका टोकाला टेकवून, स्वॅबची दांडी किंचित वाकेल एवढ्याच दाबाने, न थांबता दुसऱ्या टोकापर्यंत न्या. तिथे उलटा करून कोऱ्या बाजूने परत या आणि फेकून द्या. काटकसर म्हणून तोच पुन्हा फिरवाल तर पकडलेला कण काचेवर घासला जाईल. ओलसर पट्टे किंवा वाळलेल्या थेंबांच्या कडा दिसल्या तर द्रव जास्त झाला. त्यावर कोरडा स्वॅब नको, नवा घेऊन एक थेंब कमी करा. स्वॅब अडखळत सरकला तर द्रव कमी पडला.

ब्लोअरला दाद न देणारे, फिकट कड्याचे गोल ठिपके बहुधा वंगणाचे असतात. निकॉन डी६०० ची तक्रार याच जातीची होती आणि २०१४ मध्ये कंपनीला शटर मोफत बदलून द्यावं लागलं. असे ठिपके ओल्या स्वॅबने निघतात, एखाद-दुसरा जास्त लागतो. तीन स्वॅब संपूनही डाग तसूभर हलला नाही तर तो ओरखडा असू शकतो किंवा काचेच्या मागे बसलेला कण. चौथा उघडू नका, कॅमेरा सर्व्हिस सेंटरला द्या.