खोकल्यासाठी अडुळसा की पानओवा?

नागपुरात दारी खोकल्यासाठी एकच झाड लावायचं असेल, तर मी अडुळसाच सांगेन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पानओव्याची मांसल पानं करपतात, कुंडी सावलीत सरकवावी लागते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाणी साचून त्याची मुळं कुजतात, म्हणून त्यात रेती भरपूर मिसळा. अडुळसा एकदा जमिनीत रुजला की कुंपणासारखा वाढतो. बकऱ्याही सहसा तोंड लावत नाहीत. लागतात मात्र दोन्ही फांदीपासून.

अडुळशातलं व्हॅसिसिन हे द्रव्य कफ सुटायला मदत करतं. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन त्याच्यावरूनच घडवलं गेलं. चव कडूजहर, काढ्यात गूळ हवाच. गरोदर बाईनं तो अजिबात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

पानओवा सौम्य. घसा खवखवला की एक पान मिठासोबत चावायचं. शिवाय त्याची भजी! आमच्याकडची लेकरं काढा पाहून पळतात, भजी मात्र मागून खातात.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि क्षयरोग नाही ना, यासाठी थुंकी तपासून घ्या.