जंगलतोडीच्या उपग्रह-सूचना: वर्षभर वापरल्यावर

मार्चमध्ये ॲपने आमच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात परत 'तोड' दाखवली. भर उन्हात पेट्रोल जाळून गेलो, तर साग जागच्या जागी उभा. पानं तेवढी खाली. म्हणून हे लिहायला घेतलं.

गडचिरोलीत राहणाऱ्याला सांगायला नको, होळीपर्यंत साग झडून मोकळा होतो. त्यात मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, तिथे काळे डाग पडतात. ॲप बघतं एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा; तो लाल आणि अवरक्त प्रकाशाचा हिशेब. पान नसलं की आकडा घसरणारच. झाड गेलं की नुसतं पान गेलं, हे त्याला कसं कळावं? बारमाही हिरव्या जंगलात ही पद्धत खपून जाते. इथे दर उन्हाळ्यात ॲपच्या नकाशावर अख्खी टेकडी लाल. आणि त्या लालीपायी पेट्रोल माझं!

एकच तारा देणार होतो. मग सूचना बंद केल्या आणि कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं स्वतःच बघू लागलो. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच करायची: ढग गेलेले असतात, पान अजून झाडावर असतं. कडेचं शेत आत सरकलेलं असं लख्ख दिसलं की मत बदललं. चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे एकरभर जागा साफ केली की 40 ठिपके बदलतात. लपत नाही. चार तारे.

पण चोर एकरभर तोडतच नाही, एकेक झाड नेतो. एका सागाने ठिपका फारसा हलत नाही. मोकळ्या जागी रायमुनियाची झुडपं माजली की उलट हिरवा दिसतो. खुंट पाहायला पायीच जावं लागतं. सरकारी नकाशाचंही तेच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत 40 ते 70 टक्के जमिनीवर झाडांचं छत्र असलं की जंगल 'मध्यम दाट', मग 65चं 45 झालं तरी वर्ग तोच. विरळ होत जाणारं जंगल कागदावर तसंच उभं. म्हणून अर्धा तारा कापला.

पानगळीच्या महिन्यांत सूचना बंद ठेवायची सोय द्या, असं ॲपवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, अर्ज भरा. भरला. पेट्रोलची पावती जोडायला त्यात रकाना नव्हता.