सिग पी३६५: टेक्ससच्या उन्हाळ्यात रोज कमरेला लावल्यानंतर

बॅरल ३.१ इंच, जाडी १ इंच, रिकाम्या मॅगझिनसकट (गोळ्या भरायची पेटी) वजन सुमारे ५०० ग्रॅम. २०१८ मध्ये हे पिस्तूल आलं तेव्हा एवढ्याशा अंगात ९ मिमीच्या १०+१ गोळ्या (मॅगझिनमध्ये दहा, चेंबरमध्ये म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत एक) बसवल्याचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. तोवर या मापात सहा-सात गोळ्याच मावायच्या.

काही महिने वापरल्यावर कळतं की खरा प्रश्न ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, लांबीचा आहे. बॅरल पँटच्या आत जातं. शर्टातून उठून दिसते ती ग्रिप. सपाट तळाच्या १० च्या मॅगझिनला करंगळी हवेत राहते. १२ च्या मॅगझिनला पकड पुरी बसते, पण खाली वाकलं की टोक दिसतं. म्हणून कमरेला १० चं आणि जोडीला सुटं १२ चं.

मनगट सैल राहिलं की पिस्तूल अडकतं. स्लाईड (गोळी सुटल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) हलकी, स्प्रिंग कडक. अख्खं पिस्तूलच हातासोबत मागे गेलं तर स्लाईड पुरती मागे येत नाही आणि रिकामी पुंगळी मध्येच अडकते. लोक उगाच स्प्रिंगला बोल लावतात. स्प्रिंग २५०० गोळ्यांनंतर बदलायची असतेच, पण आधी पकड तपासा.

सरावाला ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या गोळ्या पुरतात. बाळगायला १२४ ग्रेनच्या हॉलो पॉइंट (तोंडाशी पोकळ, लागल्यावर उमलणाऱ्या), शक्यतो आखूड बॅरलसाठी बनवलेल्या. वेग कमी पडला तर गोळीचं तोंड नीट उमलत नाही. त्यातल्या निदान ५० रेंजवर न अडकता चालल्या पाहिजेत. महाग पडतं, पण इथे काटकसर नको. तेच काडतूस रोज काढून पुन्हा चेंबरमध्ये भरलं तर गोळी पुंगळीत आत सरकते आणि दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं धरा. आखूड दिसलं की बाद.

होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. मऊ चामड्याचं तोंड मिटतं, दुमडतं आणि परत ठेवताना ट्रिगरवर येऊ शकतं. शर्टाचं टोकही तसंच आत जातं, म्हणून ठेवताना घाई नको आणि नजर होल्स्टरवर. पट्टा ताठ हवा, नाहीतर ग्रिप बाहेर झुकते. घामाने आधी मॅगझिन आणि बारीक स्क्रू गंजतात. आठवड्यातून एकदा पुसून तेलाचा पुसट हात पुरे.

याहून लहान हवं तर रुगर एलसीपी पाव किलोच्या आसपास आहे, पण ९ मिमीहून कमी जोराची .३८० ची गोळी आणि चिमुकली ग्रिप. नवख्याला मी सुचवणार नाही. पाच गोळ्यांचं स्मिथ अँड वेसन ६४२ रिव्हॉल्व्हर खिशात छान बसतं, ट्रिगर मात्र फार जड.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी: ग्रीन कार्डवर पिस्तूल घेता येतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद, तेव्हा आधी वकिलाला विचारा. टेक्ससमध्ये लाल ५१% ची पाटी (निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूतून असल्याची खूण) असलेल्या बारमध्ये पिस्तूल नेता येत नाही. अशा वेळी गाडीत नुसतं पिस्तूल उपसू नका. क्लिप सोडवून होल्स्टरसकट काढा आणि तसंच कुलपाच्या पेटीत ठेवा.