निर्वासितांच्या वसाहतीत आधी काय न्यायचं: रेकॉर्डर की अर्जांची फाइल?

विद्यापीठाच्या हद्दीत निर्वासितांची वसाहत आहे, पण विभागाकडे पैसा आणि माणसं एकाच प्रकल्पापुरती. मग मौखिक इतिहास गोळा करायचा की मदत केंद्र काढायचं? विदर्भातल्या दोन ठिकाणांची उत्तरं माझ्या मते वेगवेगळी आहेत.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. नोंदणी प्रमाणपत्रं, धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाशी पत्रव्यवहार हे सगळं पाहायला तिथे वसाहतीचं स्वतःचं कार्यालय आहे. विद्यापीठानं दुसरं टेबल मांडून फारसं काही साधणार नाही. तिथे घाई आहे ती वेगळीच. १९५९ मध्ये, तिबेट सोडताना विशीत असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे गेलाय. म्हणून इथे रेकॉर्डर आधी. मात्र हिवाळ्यात जाऊ नका, कर्ती माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन करायला पाच-सहा तास सहज लागतात, ते अंदाजपत्रकात धरा. संमतिपत्र तिबेटीत हवं, आणि रेकॉर्डिंगची प्रत वसाहतीकडेही राहायला हवी. उशीर झाला की काय होतं ते कोल्हापूरनं पाहिलंय: वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, ते १९४८ पर्यंत निघून गेले; शिवाजी विद्यापीठ निघालं १९६२ मध्ये.

गडचिरोलीचं उलट आहे. चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना वसवलं गेलं. त्यांतले बरेच नामशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादीत आली तरी अडचण संपत नाही, कारण जातपडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचं इथलं वास्तव्य दाखवावं लागतं. साठच्या दशकात आलेल्यानं ते आणायचं कुठून? इथे नुसत्या मुलाखती घेऊन परतणाऱ्या संशोधकाला लोक एकदा चहा देतील, दुसऱ्यांदा विचारतील, ‘आमच्या दाखल्याचं काय झालं?’ तेव्हा आधी फाइल. विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी कोर्टात उभे राहू शकत नाहीत, पण कागद जुळवणं, अर्ज लिहिणं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत माणूस पोचवणं त्यांना जमतं. घराघरातले पुनर्वसनाचे जुने कागद स्कॅन झाले की वस्तीचा इतिहासही आपोआप हाती येतो. यादीबदलाच्या मागणीलाही त्यांचा आधार होईल. जोखीम एकच: प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात आणि प्रकल्पाचा निधी दोन वर्षांत आटतो. केंद्र चालू ठेवायची हमी नसेल तर ते काढूच नये.

राहिलं राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) सात दिवसांचं शिबिर. ओळख होण्यापुरतं ठीक. अभ्यास किंवा मदत म्हणून ते अहवालात मोजू नका.

गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला मात्र पैसे न खर्चताही एक काम करता येईल. या बंगाली वस्त्यांमधली मुलं त्याच्याच महाविद्यालयांत शिकतात. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणत्या कागदावर ती अडतात, याची नोंद प्रवेशाच्या खिडकीवरच ठेवायला सुरुवात करावी.