ट्रेन्झसाठी चालती सिग्नल केबिन, दोन महिने वापरल्यावर

ट्रेन्झ हा रेल्वेचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांना माहितीच आहे की गेममधले सिग्नल आपले आपण चालतात, सांधा (पॉइंट, गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणारे रूळ) कुठे लागलाय आणि पुढे गाडी आहे का एवढं बघून लाल-हिरवे होतात, आणि बाजूला जी केबिन उभी असते ती नुसती इमारत, काचेमागे लिव्हरचं चित्र चिकटवलेलं. मला हे कायम खटकायचं, कारण ज्या खोलीतून अख्खं स्टेशन चालतं तीच खोली गेममध्ये मेलेली. म्हणून जेव्हा एका हौशी मॉडेलरने केलेलं चालत्या केबिनचं अ‍ॅड-ऑन फुकटात मिळालं तेव्हा त्याच रात्री उतरवून घेतलं, आणि तेव्हापासून मी ड्रायव्हर म्हणून जवळजवळ गाडी चालवलेलीच नाहीये.

केबिन आहे इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पद्धतीची, साधारण १९३० च्या आसपासची. खाली विटांचं बांधकाम, वर लाकूड आणि काचा, आत ३१ लिव्हरची फ्रेम, फ्रेमच्या वर फळीवर ब्लॉक इन्स्ट्रुमेंट (शेजारच्या केबिनपर्यंतच्या लाईनवर एका वेळी एकच गाडी राहावी म्हणून असलेलं काट्याचं यंत्र) आणि घंटा, आणि त्याच्याही वर टांगलेला स्टेशनचा नकाशा. माऊसने लिव्हर धरून ओढायचा, बाहेर तार सरकते, आणि सिग्नलचा हात पडतो. पडतो म्हणजे खरंच खाली पडतो. इंग्लंडातल्या बाकीच्या मोठ्या कंपन्या १९२० च्या दशकानंतर वर जाणाऱ्या हाताकडे वळल्या, ग्रेट वेस्टर्नने मात्र खाली पडणारा हात सोडला नाही, आणि आपल्याकडे ज्यांचं लहानपण स्टेशनाजवळ गेलंय त्यांना "सिग्नल पडला" म्हणजे गाडी आली हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे परक्या देशातली केबिन असूनही मला पहिल्या मिनिटापासून घरच्यासारखी वाटली.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या संध्याकाळी एक पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या लाईनवर, घ्यायची होती. काळा लिव्हर ओढला, सांधा बदलला, खिडकीतून दिसला पण, मग सिग्नलच्या लाल लिव्हरला हात घातला तर तो येईच ना. बोटभर पुढे येतो, खट् असा आवाज होतो आणि परत जागेवर. मला वाटलं बग आहे, गेम बंद करून परत चालू केला, तरी तेच. मग नकाशाकडे नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की निळा लिव्हर राहिलाय. गाडीच्या तोंडासमोर जो सांधा येतो त्याची पाती गाडी वरून जात असताना जरा जरी हलली तर पुढची चाकं एका लाईनवर आणि मागची दुसऱ्या, म्हणून दोन्ही पात्यांना जोडणाऱ्या पट्टीच्या खाचेत एक खीळ बसवतात, ती खीळ म्हणजे निळा लिव्हर. तो ओढल्याशिवाय लाल येत नाही, आणि एकदा लाल आला की निळा आणि काळा दोन्ही जखडले जातात, सिग्नलचा लिव्हर परत जागेवर नेईपर्यंत ते हलणार नाहीत. ह्या मॉडेलची सगळी किंमत माझ्या मते ह्या न हलणाऱ्या लिव्हरमध्ये आहे. तुम्ही चूक करायला गेलात की केबिनच तुम्हाला अडवते, आणि का अडवलं हे स्क्रीनवर पाटी लावून सांगत नाही, तुम्हालाच शोधावं लागतं.

हे इंटरलॉकिंग काही शोभेसाठी आलेलं नाही. जॉन सॅक्सबीने १८५६ साली सांधा आणि सिग्नल एकमेकांना जखडायचं पेटंट घेतलं, पण ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ते सक्तीचं व्हायला १८८९ उजाडलं, त्या वर्षी १२ जूनला आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचे मागचे डबे सुटून उतारावरून मागे गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, ८० माणसं गेली, आणि त्याच वर्षी कायदा होऊन इंटरलॉकिंग, ब्लॉक पद्धत आणि सगळ्या डब्यांना एकदम लागणारे सलग ब्रेक तिन्ही बंधनकारक झाले.

ब्लॉकची घंटा तर फारच सुंदर जमलीये. शेजारच्या केबिनकडून एक ठोका येतो, म्हणजे लक्ष द्या, तुम्ही एक ठोका परत द्यायचा, मग तीन-थांबा-एक म्हणजे साधी पॅसेंजर, घेता का? तेवढेच ठोके परत दिले आणि इन्स्ट्रुमेंटचा काटा लाईन क्लिअरवर नेला की झालं, दोन ठोके आले की गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन केबिनमधल्या लाईनवर, शिरली, शेवटचा डबा दिवा-पाटीसकट समोरून गेलेला डोळ्यांनी बघायचा आणि दोन-थांबा-एक देऊन सेक्शन मोकळा करायचा. दोन्ही बाजूंच्या घंटांचा आवाज वेगळा ठेवलाय, त्यामुळे तिकडे पाठ करून बसलं तरी कळतं कुठून विचारणा आलीये.

माझे मामा रेल्वेत लिव्हरमन होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या रविवारी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. फ्रेमवर नजर टाकून लगेच म्हणाले, "लाल सिग्नलचा, काळा पॉइंटचा, निळा लॉकचा, पांढरे रिकामे. बरोबर आहे." मग त्यांना एका लिव्हरच्या मुठीवर टाकलेलं फडकं दिसलं. मूठ पॉलिश केलेल्या लोखंडाची असते, घामाचा हात लागला की गंजते, म्हणून फडक्यानेच धरायची. मामा त्या फडक्याकडे बघत म्हणाले, "अरे, ह्या माणसाने केबिन आतून बघितलीये."

पण दहाव्या मिनिटाला चूकही त्यांनीच पकडली. मी डिस्टंट (लांबून पूर्वसूचना देणारा सिग्नल, मामांच्या भाषेत वॉर्नर) ओढला, होम (स्टेशनात शिरायचा) पडलेला होता, स्टार्टर (स्टेशनातून सुटायचा) मात्र ऑनच, म्हणजे थांबा दाखवत होता. डिस्टंट पडला. मामा खुर्चीत पुढे सरकले, "थांब, स्टार्टर ऑन असताना वॉर्नर येतोच कसा?" खरंय ते. डिस्टंट पडला म्हणजे ड्रायव्हर समजतो की ह्या केबिनचे पुढचे सगळे सिग्नल मोकळे आहेत, फुल स्पीडने या, म्हणून सगळे स्टॉप सिग्नल पडल्याशिवाय तो लिव्हर मोकळा होताच कामा नये. एवढं बारीक इंटरलॉकिंग करून नेमका हा एक दुवा सुटलाय आणि माझ्या मते तो छोटा दोष नाहीये. मॉडेलरला कळवलंय, त्याने पुढच्या आवृत्तीत करतो म्हणून उत्तर दिलंय.

दुसरी उणीव म्हणजे लिव्हरवर चढवायची कॉलर नाहीये. एखादी गाडी लाईनवर उभी असली की त्या सिग्नलच्या लिव्हरवर लोखंडी कॉलर अडकवतात, म्हणजे विसरून कोणी तो ओढणार नाही. मी एक मालगाडी अप लाईनवर उभी करून ठेवली, कॅमेरा दुसऱ्या टोकाला नेला, पाच मिनिटांनी एक्स्प्रेसचे चार ठोके आले, मी लाईन क्लिअर देऊन टाकली आणि सिग्नल पाडले, कारण उभी गाडी फ्रेमला दिसत नाही, इंटरलॉकिंग फक्त सांधे आणि सिग्नल ओळखतं. एक्स्प्रेस थेट मालगाडीत गेली. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलला असंच झालं होतं, केबिनसमोर उभी केलेली लोकल सिग्नलमन विसरला, आणि ज्या लोकलने तो स्वतः ड्युटीवर आला होता तीच ती लोकल, लिव्हरवर कॉलर नव्हती, सैनिकांची गाडी घेतली गेली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. त्या संध्याकाळी मी परत खेळलो नाही. कॉलर हवीच.

लिव्हरला वजन नाही हेही जाणवतं. जवळचा सांधा आणि लांबवरचा डिस्टंट दोन्ही सारख्याच हलकेपणाने येतात, खरं तर लांबच्या सिग्नलला पाय रोवून अंगाचा झोक द्यावा लागतो, आणि मामा सांगतात की उन्हाळ्यात तार सैल पडली की हात अर्धाच पडायचा, मग तार ताणून घ्यावी लागायची. ह्यातलं इथे काही नाही. माऊसवर वजन कसं आणणार हेही खरंच, पण निदान लांबच्या सिग्नलला ओढायला जास्त अंतर देता आलं असतं.

बसवताना थोडा त्रास होतो, मला तीन डिपेंडन्सी (ह्याला चालायला लागणाऱ्या दुसऱ्या फाइली) मिसिंग दाखवत होत्या, त्या वेगळ्या उतरवाव्या लागल्या, आणि प्रत्येक लिव्हरला आपल्या रूटवरचा सांधा किंवा सिग्नल नाव देऊन जोडायला माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली. डबल लाईनचं छोटं स्टेशन, एक-दोन लूप, एवढ्यावरच सुरुवात करा. श्रूजबरीला १८० लिव्हरची केबिन अजून कामात आहे, ती बघून कोणी मोठ्या जंक्शनला हात घालू नका, नावं जोडतानाच कंटाळून सोडून द्याल.

सिंगल लाईन ह्यात चालत नाही, टोकनची (एकेरी लाईनवर जायचा परवाना म्हणून ड्रायव्हरला देतात ती वस्तू) सोयच नाहीये. मामांनी निघताना तेच विचारलं, "टोकनचा गोळा कुठाय?" आपल्याकडच्या सिंगल लाईनच्या स्टेशनांचा रूट करणाऱ्यांनी त्यासाठी थांबावं, बाकीच्यांनी आजच उतरवून घ्या.