आठ जीबीत सात महिने : ब्राउझरचा वापरानंतरचा अनुभव

मागच्या महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, लॅपटॉप गोठला. माउसचा बाण हलतोय, बाकी सगळं ढिम्म. टास्क मॅनेजर उघडायलाच चार मिनिटं गेली. मेमरी ९६ टक्के, आणि यादीत सगळ्यात वर ब्राउझर. कुठला ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

मशीन रिफर्बिश्ड, आठ जीबी रॅमचं, चौदा हजारांचं. ठाणे स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराने झाकणही न उघडता निकाल दिला, "काका, आठमध्ये आता काय होतंय? सोळा करून घ्या." साडेतीन हजार! लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो.

ब्राउझर खादाड का, हे आता मला कळलंय. क्रोम २००८ मध्ये आला तोच एकेका टॅबला वेगळी प्रोसेस, म्हणजे मेमरीत स्वतंत्र बिऱ्हाड, देत. पुढे इतरांनीही तेच केलं. चाळीचं रीडेव्हलपमेंट झालं की कसं प्रत्येकाचा नळ, मोरी, संडास स्वतंत्र, तसं. एक टॅब कोसळला तरी शेजारचा शाबूत, पण जागा जास्त लागणारच. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी उघडकीला आली आणि वेगवेगळ्या साइटमधल्या भिंती आणखी जाड झाल्या. सुरक्षेसाठी आहे, चालेल.

माझं डोकं फिरतं ते मेमरी सेव्हरने, म्हणजे वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी मोकळी करणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने. पोराच्या सांगण्यावरून चालू केला, पहिले दोन दिवस खूश होतो. मेमरी ७० टक्क्यांवर! पण झोपवलेल्या टॅबवर परत गेलं की पान पहिल्यापासून लोड होतं. घरी याने काही बिघडत नाही. मी मात्र रबाळे एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघतो आणि तिथलं वायफाय मालकांच्या केबिनबाहेर येत नाही. म्हणजे माझाच मोबाइल, माझाच हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. पूर्वी संध्याकाळपर्यंत पुरायचा, आता साडेतीनलाच "९० टक्के डेटा संपला" असा मेसेज. रॅम वाचवायची ब्राउझरने आणि भुर्दंड माझ्या रिचार्जला! अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब तो सहसा झोपवत नाही, एवढी माणुसकी आहे. नेहमीच्या साइट "कायम जाग्या ठेवा" या यादीत टाकता येतात हे मला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. सेटिंगमध्ये इतकं आत कशाला दडवायचं?

इथवर लिहून हा रिव्ह्यू टाकणारच होतो, दोन तारे देऊन. मग सहज शिफ्ट आणि एस्केप दाबलं. क्रोमियमवर (क्रोमचा खुला पाया) बेतलेल्या ब्राउझरांत त्याने ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, टॅबवार हिशेब दिसतो. 'मेमरी' या रकान्यावर क्लिक केलं की मोठे खातेदार वर. पहिल्या नंबरवर बातम्यांची एक साइट, जाहिरातींचे व्हिडिओ लावून बसलेली, सकाळपासून उघडी. ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या नंबरवर एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम : ऑनलाइन खरेदीत कूपन शोधून देणारं. स्वतःची ओळ तर होतीच, शिवाय प्रत्येक पानात शिरून कूपन हुंगत बसायचं, अगदी बँकेच्या पानातसुद्धा.

ते काढलं. ब्राउझर बंद करून तेच २३ टॅब पुन्हा उघडले, मेमरी सेव्हर बंद ठेवून. ९१ वरून ७६ टक्के. तेव्हा दोनाचे साडेतीन तारे करतो. अर्धा त्या दडवलेल्या यादीबद्दल कापलाय, एक त्या साडेतीनच्या मेसेजबद्दल.

सात महिन्यांत त्या कूपनवाल्याने एकूण वाचवले १४० रुपये, एका प्रेशर कुकरवर. एक्स्टेन्शन हिनेच टाकलं होतं. काढल्याचं अजून सांगितलेलं नाही. दिवाळीची खरेदी तोंडावर आहे.