पुंगळीला किती मेण लावावे? रायफलच्या केस-ल्यूबचा आठ महिन्यांचा अनुभव

मी अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात राहतो आणि .३०८ विंचेस्टरची एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल वापरतो. वर्षभर कागदी निशाण्यावर सराव आणि नोव्हेंबरअखेर सुरू होणारा हरणांचा हंगाम, एवढाच तिचा उपयोग. झाडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या, मापात आणून घरीच पुन्हा भरण्याचा उद्योग मी दोन वर्षे करतो आहे. इथे स्वतःच्या वापरापुरते हे काम करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करायला परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या नेमबाज मित्रांनी हे माहितीपुरतेच वाचावे. इथले लोक पुंगळीला ‘केस’ म्हणतात, पण मराठीत ‘केसाला वंगण लावले’ असे लिहिले की वाचणाऱ्याचा हात डोक्याकडे जातो, म्हणून मी वर्तमानपत्रांतला पुंगळी हाच शब्द ठेवतो.

गेल्या आठ महिन्यांत साधारण नऊशे पुंगळ्यांवर मी तीन वंगणे वापरली: एरोसॉलचा स्प्रे, डबीतले मेण आणि घरी कालवलेले लॅनोलिन. पुंगळीला डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबणाऱ्या प्रेसची दांडी हलकी चालली की वंगण चांगले, असा माझा सुरुवातीचा समज होता. आता मी वंगणाची परीक्षा व्हर्नियरवर घेतो, आणि तसे का, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच आहे.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटते तेव्हा ते फुगून चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतींना चिकटते आणि थोडेसेच मागे आकसते. फुल-लेंग्थ डाय हीच फुगलेली पुंगळी चारही बाजूंनी आवळते, गोळी धरणारी मान बारीक करते आणि मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, किंचित मागे ढकलते. भोसरीच्या एका टूलरूममध्ये चार वर्षे काढलेली असल्यामुळे पितळ आणि पोलाद कोरडे घासले की काय होते, हे मला वेगळे शिकावे लागले नाही: पितळाचे कण डायच्या भिंतीला चिकटतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक नगावर उभा ओरखडा उमटतो. डाय कार्बाइडची घेतली तर वंगण लागत नाही, हे पिस्तुलाच्या सरळ पुंगळीबाबत खरे आहे. खांदा असलेल्या लांब रायफल-पुंगळीला कार्बाइड डायमध्येही वंगण लावावेच लागते.

एवढे ठाऊक असूनही पुंगळी अडकायची ती अडकलीच. फेब्रुवारीतली रात्र होती, गॅरेजमध्ये बोटे आखडतील इतकी थंडी होती आणि मी पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून एका बाजूने स्प्रे मारला. स्प्रेच्या कंपनीचे नाव घेत नाही, कारण चूक माझीच होती. डब्यावर स्पष्ट लिहिले होते की फवारा दोन्ही बाजूंनी, तिरका मारावा आणि द्रावक उडून जाईपर्यंत थांबावे. द्रावक ओला असतो तोवर पुंगळीवर वंगणाचा थर बसलेलाच नसतो, आणि थंडीत तो उडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय दाटीने उभ्या केलेल्या पुंगळ्यांमध्ये मागच्या रांगेच्या बुडाशी फवारा पोहोचतच नाही, आणि डायमध्ये सर्वांत जास्त आवळले जाते ते बूडच. विसाव्या-बाविसाव्या पुंगळीला दांडी मध्येच जड झाली. तिथे थांबून पुंगळी बाहेर काढायला हवी होती. मी जोर लावला. खाली येताना कचकन आवाज झाला, पुंगळी बुडाशी पकडणाऱ्या शेलहोल्डरने तिची कड ओरबाडून काढली आणि पुंगळी डायमध्येच राहिली.

तिला बाहेर काढायला रात्रीचा दीड तास गेला. डीकॅपिंगची दांडी (वापरलेला प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, बाहेर ढकलणारी) जितकी वर सरकेल तितकी सरकवली, डाय प्रेसमधून काढून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरली, प्रायमरच्या खळग्यातून बुडाला आरपार भोक पाडले, त्यात पाव इंची, वीस आट्यांचा, आटे पाडणारा टॅप फिरवला, वर एक पोकळ बूच ठेवून बोल्ट आवळत गेलो आणि पुंगळी मिलिमीटर-मिलिमीटर करत वर आली. डाय वाचली. या कामाचे तयार किट बाजारात मिळते आणि ते अडकण्याआधीच घरात असलेले बरे, एवढे अनुभवाने सांगतो.

त्यानंतर मी इंपीरियल सायझिंग डाय वॅक्सची दोन औंसांची डबी आणली. हे मेण घट्ट, गुळगुळीत असते आणि बोटाच्या उबेने लगेच सैल होते. पहिल्या दिवशी धसका घेतल्यामुळे ते मी सढळ हाताने थापले आणि उलटीच तऱ्हा झाली: दहापैकी चार पुंगळ्यांच्या खांद्यावर नखाएवढे खळगे पडले. मेण दाबले जात नाही. खांदा आणि डाय यांच्यामध्ये ते कोंडले की वाट न मिळाल्यामुळे पितळालाच आत ढकलते. डायला हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असते, पण तेही मेणाने बुजले होते. असे लहान खळगे पुढच्या वेळी गोळी झाडताना पुन्हा फुगून सपाट होतात, त्यामुळे त्या चार पुंगळ्या मी फेकल्या नाहीत. खळगा खोल आणि धारदार असता, तर फेकल्या असत्या.

प्रमाण कसे समजवावे याचा मी बराच विचार केला आणि शेवटी स्वयंपाकघरातलेच उदाहरण चपखल वाटले. उकडीच्या मोदकाची पारी करताना बोटांना तूप लावतो, ते पारी चिकटू नये एवढेच. पारी तुपकट झाली की मुखऱ्या धरत नाहीत. अगदी तसेच, अंगठा आणि तर्जनी मेणावर एकदाच फिरवायची आणि पुंगळी त्या चिमटीत बुडापासून खांद्याच्या खालपर्यंत दोनदा फिरवायची. पुंगळी चकाकता कामा नये, हाताला नुसती निसरडी लागली पाहिजे. खांद्याला मुद्दाम काही लावायचे नाही आणि मानेला बोटावर उरलेले पुरते. एकदा लावलेले मेण मला तीन-चार पुंगळ्यांना पुरते. आठ महिन्यांनंतर डबीचा तिसरा हिस्साही संपलेला नाही.

आता व्हर्नियरकडे येतो. व्हर्नियरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून मोजले, तर माझ्या चेंबरमधून निघालेल्या पुंगळीचे बुडापासून खांद्यापर्यंतचे माप १.६३२ इंच येते आणि ते १.६३० वर आणले की रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) अलगद बंद होतो. (हे आकडे माझ्या कंपॅरेटरचे आहेत, दुसऱ्याच्या उपकरणावर ते थोडे वेगळे येतील, फरक महत्त्वाचा.) बोल्ट-अ‍ॅक्शनला खांदा एक ते दोन हजारांश इंच मागे गेला की पुरते, अर्धस्वयंचलित रायफलला तीन-चार देतात. त्याहून जास्त ढकलला, तर दर वेळी पितळ बुडाच्या वर ताणले जाते, तिथे आतून भिंत पातळ होते आणि काही फेऱ्यांनी पुंगळी तिथेच आडवी तुटू शकते.

स्प्रेच्या दिवसांत एकाच बैठकीतल्या वीस पुंगळ्यांमध्ये मला चार हजारांशांचा फरक दिसत होता आणि मी त्याचे खापर डायवर, प्रेसवर, पितळावर फोडत होतो. प्रेस माझी आरसीबीएसची रॉक चकर आहे, ओतीव लोखंडाची; पण लोखंड झाले तरी जोर वाढला की ते थोडे वाकते आणि शेलहोल्डर व डाय यांच्यामध्ये केसभर फट पडते. कोरडी पुंगळी जास्त जोर मागते, फट वाढते, खांदा कमी मागे जातो. निसरडी पुंगळी जास्त मागे जाते. म्हणजे वंगण असमान असेल, तर माप असमान येणारच. मेण ठरावीक पद्धतीने लावू लागल्यावर हाच फरक एका हजारांशावर आला, क्वचित दीडवर. डाय तीच, प्रेस तीच आणि हातही तेच.

डाय बसवतानाची एक गंमत सांगायला हवी, कारण तिने मला एक अख्खी संध्याकाळ चकवले. डाय थोडी थोडी खाली घेत गेलो, तर खांद्याचे माप कमी होण्याऐवजी आधी वाढले. डाय खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी पुंगळीचे अंग आवळते आणि आवळलेले पितळ पुढे सरकते, म्हणून हे होते. आणखी खाली गेल्यावरच खांदा मागे येऊ लागतो. डायला एका इंचात चौदा आटे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा ०.०७१ इंचाचा. ‘शेलहोल्डरला टेकवून आणखी पाव फेरा द्या’ ही सूचना किती ढोबळ आहे, ते यावरून लक्षात यावे. मी फेऱ्याच्या बत्तिसाव्या भागाने पुढे जातो, खूण करायला चिकटपट्टी लावतो आणि प्रत्येक वेळी नव्याने मेण लावलेली, पूर्वी न आवळलेली पुंगळी वापरतो.

मानेच्या आतल्या बाजूचे प्रकरण निराळे आहे. डायमधून बाहेर येताना मान आतून मापात रुंदावणारा एक्स्पांडरचा गोळा तिच्यातून ओढला जातो आणि मान कोरडी असेल, तर चाक तेल मागत असल्यासारखी किंचाळते. तो आवाज आला की समजावे, मान लांबते आहे आणि बहुधा तिरकीही होते आहे. आत मेण किंवा तेल मी लावत नाही, कारण त्याला बंदुकीच्या दारूचे कण चिकटतात. मी ग्रॅफाइटची पूड वापरतो. बारीक मण्यांच्या वाटीत ती घालून ठेवायची आणि मान त्यात एकदा बुडवून काढायची. हात काळे होतात, ओट्याला बोट लागले की घरात बोलणी खावी लागतात, पण किंचाळणे थांबते. स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात घुसळून आरशासारख्या केलेल्या पुंगळ्यांना ही पूड जास्तच लागते, कारण मानेतला काजळीचा थर थोडेफार वंगणाचे काम करत असतो आणि तो त्यांच्यात उरलेला नसतो. मी अलीकडे पिनांचा नाद सोडून मक्याच्या कणसाच्या भुशातच पुंगळ्या फिरवतो. साधनाला ओरखडे पडू नयेत म्हणून आवळण्याआधी माती-वाळू निघाली पाहिजे. चमक कशाला हवी? लांबीची कमाल मर्यादा .३०८ साठी २.०१५ इंच आहे आणि मी २.००५ वर छाटतो. ग्रॅफाइट सुरू केल्यापासून छाटणी एका फेरीने लांबली आहे.

लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, मी मित्राच्या .२२३ रायफलच्या तीनशे पुंगळ्यांसाठी वापरले. एक भाग द्रव लॅनोलिन आणि दहा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फवाऱ्याच्या बाटलीत. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे घेऊ नये, त्यातल्या पाण्यामुळे ते फाटल्यासारखे दिसते आणि थर सारखा बसत नाही. पुंगळ्या जाड पिशवीत घालून, फवारून, खळखळ हलवून ताटात पसरल्या आणि पंधरा मिनिटे वाळू दिल्या. पिशवीत लोळल्यामुळे बूड सुटत नाही, ही उभ्या ठोकळ्यावरच्या फवाऱ्यापेक्षा मोठी सोय. वाफ मात्र पेट घेणारी असते. गॅरेजमध्ये गॅसचा बंब असल्यामुळे मी हे काम अंगणातच करतो. मापातला फरक इथे दोन हजारांशांच्या आत राहिला, पण चिकटपणा मेणापेक्षा जास्त आहे आणि तो काढायला वेळ लागतो.

काढावे मात्र लागतेच, वंगण कुठलेही असो. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, मागे सरकते आणि बोल्टवरचा भार वाढतो. मेण मी अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसतो. लॅनोलिनच्या पुंगळ्या भुशात अर्धा तास फिरवतो आणि नंतर प्रत्येकीच्या फ्लॅश होलमधून (प्रायमरची ठिणगी आत जाते त्या छिद्रातून) तार घालतो, कारण तिथे भुशाचा दाणा हमखास अडकतो.

सध्या माझ्या .३०८ ला मेण आणि मोठ्या घाण्याला लॅनोलिन, अशी वाटणी आहे. स्प्रेचा डबा अजून फळीवर आहे आणि उन्हाळ्यात, वाट बघायची तयारी असेल तेव्हा, तो वाईट नाही. मेणाबद्दल माझी एकच तक्रार आहे: हिवाळ्यात गॅरेजमध्ये ते साबणासारखे कडक होते, बोटावर येत नाही आणि मग माणूस अंदाजाने कमी लावतो. म्हणून काम सुरू करण्याआधी अर्धा तास मी ती डबी शर्टाच्या खिशात ठेवतो.